मार्कला बहीण नाही

फ्रिस्को
२ ऑक्टोबर

शुभाकाकू, नमस्कार.

तुम्ही बजावलंत, फोन करायचा नाही, मेसेज करायचा नाही, ताईंच्या प्रचाराची माणसं सगळ्यांचे फोन बघतात. काय असेल ते मराठीत कागदावर लिही आणि पाकीट राधिकावहिनींच्या हातात दे. म्हणून लिहिते. माझी शाळा सातवीत सुटली, चुका होतील.

काकू, माझं डोकं अजून ठिकाणावर नाही. त्या दिवशी सकाळी मी ताईंच्या आर्यचा डबा भरत होते. टीव्हीवर सांगितलं की व्हाइस प्रेसिडेंटला जे साहेब उभे होते त्यांना हार्टचा त्रास झाला, त्यांनी नाव मागे घेतलं, आणि त्यांच्या जागी तुमच्या लेकीचं नाव, आपल्या दीपाताईंचं. तुम्ही एवढ्या मोठ्यानं ओरडलात की मला वाटलं पडलात, गुडघे गेले. धावत आले तर तुम्ही माझ्या गळ्यात पडून रडायला लागलात. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. मग मीपण रडले. आणि दुपारी म्हणालात, वैजू, बॅग भर, टेक्सासला जायचंय.

मी काय केलं हो? आर्यला सांगूपण दिलं नाहीत. शाळेतून आल्यावर तो खाली बेसमेंटमध्ये जाऊन मला शोधत असेल. गाडीत माझी लिली वाटभर रडली.

राधिकावहिनींनी आम्हाला वरच्या खोलीत ठेवलंय. पडदे उघडायचे नाहीत. शेजारणीनं विचारलं, वर कोण आलंय, तर वहिनी म्हणाल्या, "मावशीकडची पाहुणी." पाहुणी म्हणतात आणि दोन्ही वेळच्या पोळ्या माझ्याकडून करून घेतात. करते मी, पोळ्यांचं काही नाही. भीती वाटते ती बेलची. लिलीच्या बापाला, मोरेश्वरला, एप्रिलमध्ये इमिग्रेशनवाल्यांनी हॉटेलच्या किचनमधून धरून नेला आणि गावी धाडला, तेव्हापासून बेल वाजली की मी हातातलं टाकते आणि आधी पोर उचलते.

काकू, एकच मागते. माझा पासपोर्ट पाठवा. देवघराच्या खणात हळदीकुंकवाच्या डब्याखाली आहे, तुम्हीच सांभाळून ठेवलात. लिलीचा अमेरिकन पासपोर्ट आणि भारताचा व्हिसा तिच्या बापानं धरला जायच्या आधीच करून ठेवला होता, तो माझ्या पिशवीत आहे. अडलंय ते माझ्यापाशी. उन्हाळ्यात तुम्ही म्हणालात, आर्यची शाळा सुरू होऊ दे, मग जा. आता झाली सुरू. पासपोर्ट आला की मी गुपचूप गावी निघून जाते. मी तुमच्या घरात होते हे कोणाला कळायचंपण नाही. ताईंना त्रास नाही, मला भीती नाही.

लिलीचा कान वाहतोय. काय करू ते कळवा.

वैजयंता

*

ॲन आर्बर
६ ऑक्टोबर

वैजू, अनेक आशीर्वाद.

पहिली गोष्ट, पत्रात नाव लिहायचं नाही. नुसतं 'ताई' पुरे. आणि 'बेसमेंट' काय लिहितेस? खोली होती ती तुझी. खिडकी आहे तिला.

दुसरी गोष्ट. तू माझी भाची आहेस. तुझी आई माझी चुलत बहीण. तुझ्या व्हिसाच्या वेळी हेच सांगितलं होतं, आताही हेच. ताईच्या बाळंतपणाला घरचं माणूस हवं होतं, माझे गुडघे हे असे, म्हणून तू आलीस, जीव रमला, राहिलीस. कामाला नव्हतीस. ताईनं पक्षाच्या चौकशीवाल्यांना हेच सांगितलंय. एरवी ही चौकशी महिनोन्महिने चालते, पार शाळेतल्या मार्कांपर्यंत जातात म्हणे. या वेळी घाई होती, त्यांनी ऐकलं आणि पुढे गेले. तू पाठ करून ठेव.

पासपोर्ट तुला आत्ता कशाला? व्हिसा कधीच संपलाय. एअरपोर्टवर कोणी नुसतं नाव विचारलं तरी तू भीतीनं सगळं ओकशील, मी काय तुला ओळखत नाही? निवडणूक होऊ दे. मग ताईच्या एका शब्दावर तुझे कागद होतील. थोडा धीर धर. आम्हीही इथे आलो तेव्हा काही आभाळातून नव्हतो पडलो, कागदांची वाटच बघितली.

लिलीला डॉक्टरकडे न्यायचं नाही. तिथे आईचं नाव, पत्ता, सगळं कॉम्प्युटरमध्ये जातं. लसूण तेलात कढवून कोमट थेंब घाल कानात. आम्ही असेच वाढलो.

इकडे घराचं लग्नघर झालंय. प्रचाराची माणसं ताईवर फिल्म करायला आली होती. घरातलं काहीतरी आपलं, मराठी, दाखवा म्हणाली. मी भिंतीवरचा आर्यच्या बारशाचा मोठा फोटोच काढून दिला. इतका आवडला त्यांना! पाळणा, झेंडूच्या माळा, घुगऱ्या, सगळं समजावून सांगितलं कॅमेऱ्यासमोर. लेक अमेरिकेत जन्मलेली, जावई मार्क गोरा, पण मी एक रीत सोडली नाही, हे जगाला कळू दे की. फोटोत तू आहेस, पण वाकलेली, अर्धंच तोंड दिसतं. कोण ओळखतंय.

शुभाकाकू

*

फ्रिस्को
११ ऑक्टोबर

काकू, तो फोटो का दिलात?

काल वहिनींकडे बायका जमल्या होत्या, ताईंची फिल्म सगळ्यांनी मिळून बघायची म्हणून. मी किचनमध्ये वडे तळत होते. तिथून टीव्ही दिसतो. ताई दिसल्या, तुम्ही दिसलात, आणि मग सगळ्या टीव्हीभर मी. आर्यच्या कानाला तोंड लावलेली. इंग्लिशमध्ये फिल्ममधली बाई बोलली ते मला नीट कळलं नाही, पण आसावरी म्हणून वहिनींची मैत्रीण आहे, ती मोठ्यानं म्हणाली, "अय्या, ही मार्कची बहीण म्हणे!"

"मार्कची? ही तर आपल्यातली दिसते, यार."

"मार्कला बहीण कुठली? मी लग्नाला होते त्यांच्या. एकुलता एक आहे तो."

"मग कानात नाव कोण सांगतंय? आत्याच सांगते ना?"

"उन्हात फार बसली असेल बिचारी!"

सगळ्या खो खो हसल्या. मी झारा घेऊन तशीच उभी. तेवढ्यात त्या आसावरीनं मान वळवली, टीव्हीकडे बघितलं, परत माझ्याकडे बघितलं, आणि हसायची थांबली.

काकू, तुम्हीच केलंत ना हे? मार्कदादांना बहीण नाही म्हणून बारसं अडलं होतं. त्यांची आई म्हणाली, आजीनं सांगितलं तर चालत नाही का? तुम्ही म्हणालात, छे, आत्याच पाहिजे. आणि तुमची हिरवी साडी मला नेसवलीत. "आजपासून तू मार्कची बहीण." मी एकोणीस वर्षांची होते, मला खरंच वाटलं. मी कुर्रर्र केलं, नाव सांगितलं, बायकांनी रीतीप्रमाणं माझ्या पाठीत धपाटे घातले. त्या दिवसापासून आर्य मला आत्या म्हणतो.

आता चौकशीवाल्यांकडे मी तुमची भाची, म्हणजे ताईंची बहीण. फिल्ममध्ये मी मार्कदादांची बहीण. मग नवराबायको एकमेकांचे कोण झाले, काकू? गोऱ्यांना कळणार नाही म्हणाल. पण आपल्या बायका अमेरिकाभर आहेत, आणि बारशाला कानात कोण बोलतं ते सगळ्यांना माहीत आहे.

अजून एक सांगते, ओरडू नका. तेलानं लिलीचा कान जास्त सुजला. अंगात ताप, दूध घेईना. मी तिला इथल्या क्लिनिकमध्ये नेलं. डॉक्टरीण म्हणाली, कानाच्या पडद्याला भोक आहे, तेल कोणी घालायला सांगितलं? मी म्हटलं, घरातल्या मोठ्या माणसांनी. आईचं नाव विचारलं, मी खरं सांगितलं. पोराच्या औषधावर खोटं नाव कसं लिहायचं? वहिनी पार्किंगमध्ये माझ्यावर एवढ्या ओरडल्या की लोक बघायला लागले.

पासपोर्ट पाठवा. पाया पडते तुमच्या.

आणि मागच्या पत्राचं पाकीट फोडून परत टेप लावलेली होती. वहिनींना सांगा, टेप नका वाया घालवू. मला सांगितलं तर मीच वाचून दाखवीन.

वैजयंता

*

ॲन आर्बर
१५ ऑक्टोबर

वैजू,

तुला अक्कल नावाची गोष्ट देवानं दिली की नाही? नाव दिलंस! जे करू नको म्हणून बजावलं तेच!

फोटोचं मला शिकवू नकोस. ती माझी भिंत, माझा नातू. त्या फिल्मवाल्या मुलीला मी एवढंच सांगितलं की आमच्यात बापाची बहीण नाव सांगते. पुढचं तिनं तिच्या मनानं जोडलं. आता आम्ही 'मानलेली बहीण' म्हणून सांगितलंय, ते मिटेल. तू मिटू देशील तर.

नीट वाच. प्रचाराकडून शंतनू म्हणून एक मुलगा येईल. वकील आहे, आपल्यातलाच, इथे जन्मलेला. तो फोनवर तुझा व्हिडिओ घेईल. तू तीन वाक्यं बोलायचीस. मी दीपाची मावसबहीण आहे. मी पाहुणी म्हणून आले. मी त्यांच्या घरात कधीही कामाला नव्हते. झालं. त्यानंतर पासपोर्ट मिळेल.

आणि नाही बोललीस तर काय होईल तेही वाच. तुझी मुलगी अमेरिकन आहे. तू नाहीस. तुला उद्या उचललं तर ती इथेच राहील, आणि कोणाच्या घरात राहील ते तुला विचारून ठरणार नाही. त्यापेक्षा आमच्याकडे राहिलेली काय वाईट? जन्मल्यापासून माझ्याच मांडीवर खेळलीय. तिचं नावसुद्धा मीच ठेवलंय, विसरू नकोस.

खाल्ल्या घरचे वासे मोजणारी तू निघशील असं वाटलं नव्हतं.

शुभा

*

शिकागो
२१ ऑक्टोबर

काकू,

फ्रिस्कोला आता पत्र पाठवू नका. मी तिथे नाही. डेव्हन ॲव्हेन्यूवर सरलामावशींकडे आहे. मोरेश्वर आधी ज्या मिठाईच्या दुकानात कामाला होता, तिथेच मावशी फराळाचं करतात. उत्तर लिहायचं तर दुकानाच्या पत्त्यावर लिहा.

शंतनू आला होता. राधिकावहिनींनी मला स्वतःचा ड्रेस घातला, कानात डूल घातले, सोफ्यावर बसवलं. लिली मांडीवर. तो फोन समोर धरून म्हणाला, "ओके आंटी, रिलॅक्स, तीन लाइन्स बोला फक्त." तिशीचा बाप्या आणि मला आंटी.

मी म्हटलं, "पहिल्या दोन बोलते. तिसरी कशी बोलू?"

"का, आंटी?"

"कामाला नव्हते, तर मग काम केलं कोणी? ताईंना सकाळ-संध्याकाळ तेल लावलं, बाळाला न्हाऊ घातलं, ओव्याची धुरी दिली, ताईंना दूध येईना तेव्हा शतावरीचा कल्प आणि अळिवाची खीर केली. पुढं सहा वर्षं डबे, पोळ्या, लाँड्री. हे कोणी केलं? भुतानं?"

तो म्हणाला, "पण फॅमिली म्हणून केलं ना?"

"फॅमिली बेसमेंटमध्ये झोपते का रे?"

वहिनी म्हणाल्या, "वैजू, ॲटिट्यूड नको हं."

मी म्हटलं, "पासपोर्ट समोर ठेवा, मग काय म्हणाल ते बोलते." काकू, खरं सांगते, बोलले असते. तिसरं वाक्यपण बोलले असते. पोर घेऊन घरी जायला मिळतंय म्हटल्यावर मी काहीही बोलले असते.

त्यानं बॅग बघितली, त्यात नव्हता. मग त्यानं तुम्हाला फोन लावला. कसं बोलायचं ते त्या मुलाला कळत नाही हो, त्यानं स्पीकरवरच लावला. मी समोर बसले होते आणि तुम्ही बोलत होतात, "पासपोर्ट अजिबात द्यायचा नाही तिला. दिला की पळेल. व्हिडिओ घे तू आधी, तिला काय, चॉकलेट दाखव. आणि पुढचं ते बघ, लिलीचं. तिला जावं लागलं तर मुलगी आपल्याकडे कशी ठेवता येईल, ते कागद आत्ताच करून ठेवता येतात का?"

शंतनूनं घाईघाईनं फोन तोंडाशी नेला. "काकू, शी इज हिअर," म्हणाला. तुम्ही खाडकन फोन ठेवलात.

मी डूल काढून टीपॉयवर ठेवले. वहिनींना म्हटलं, ड्रेस धुऊन पाठवीन. वहिनी दारात आडव्या झाल्या. तर शंतनूच म्हणाला, "राधिका, लेट हर गो. हे इल्लीगल आहे, तिला कोंडून ठेवणं." मला वाटतं त्याला माझी दया आली नाही, स्वतःचं काय होईल याची भीती वाटली. पण दार उघडलं. स्ट्रोलर घेऊन मी भर दुपारी बाहेर पडले आणि सरलामावशींना फोन लावला. त्यांनी बसचं तिकीट काढून माझ्या फोनवर पाठवलं.

तुम्हाला घाबरून मी सहा वर्षं काढली. बेलला घाबरते, पोलिसाच्या गाडीला घाबरते. पण त्या फोननंतर मला कळलं, माझं पोर न्यायला कोणी बाहेरून यायची गरजच नव्हती.

लिली नाव तुम्ही ठेवलंत, खरं आहे. हॉस्पिटलमध्ये मी ग्लानीत होते आणि तुम्ही नर्सला सांगून टाकलंत. "इथे असंच नाव बरं." आपण तिचं बारसं नंतर करू म्हणालात. दीड वर्ष झालं. झालं का?

पासपोर्ट दुकानाच्या पत्त्यावर पाठवा.

वैजयंता

*

ॲन आर्बर
२६ ऑक्टोबर

वैजू,

झालं तुझ्या मनासारखं? काल माझ्या मुलीनं नाव मागे घेतलं. मागे घेतलं कसलं, घ्यायला लावलं. निवडणूक तोंडावर आणि तिच्या जागी आता तिसराच कोणीतरी उभा केलाय. घरापुढच्या लॉनवर कॅमेरे लावून लोक बसलेत, दूध आणायला बाहेर पडता येत नाही. 'दीपाची मोलकरीण', 'खोटी नणंद', अशा बातम्या. तुझं अर्धं तोंड आता सगळ्या जगाला पाठ झालंय.

कोणाला विकलंस? बोल ना. डेव्हनवरच्या कोण्या सरलामावशीनं गिऱ्हाईक गाठून दिलं वाटतं? सापाला दूध पाजलं मी. गावात शेण गोळा करत होतीस, तिथून उचलून आणली, अंगावर माझी साडी घातली, पंगतीला बसवली. माझ्या लेकीनं इथे वर्गात "तुझ्या डब्याला वास येतो" ऐकून घेत शिक्षण केलं, दारोदार फिरून मतं मागितली, आणि एका अडाणी बाईनं चार दिवसांत तिची माती केली.

आता मी मागे बघणार नाही. तुझा पत्ता माझ्याकडे आहे. तूच दिलास. एक फोन फिरवायचा अवकाश आहे.

शुभा

*

शिकागो
३० ऑक्टोबर

काकू,

फिरवा.

तुमचं पत्र वाचून आधी मी लिलीला घेऊन दुकानाच्या मागच्या खोलीत बसून राहिले. दारावर डिलिव्हरीवाला आला तरी मी लिलीचं तोंड हातानं झाकायची. मग सरलामावशी म्हणाल्या, "कोणी सांगितलं ते टीव्हीवर दहा वेळा दाखवलंय, ये बघ." मी बघितलं. तुम्ही बघितलं नसेल, कारण तुम्हाला बघायचं नसेल.

मार्कदादांच्या आईनं सांगितलं. ओहायोमध्ये त्यांच्या दारात एक पत्रकार मुलगी गेली. म्हणाली, तुमच्या मुलीचा फोटो आहे ना हा, बारशाचा? तर म्हातारी म्हणते, मला मुलगी नाही, मला एकटा मार्क. मग ही कोण? तर म्हातारी चष्मा लावून बघते आणि हसून म्हणते, अगं ही वैजू! ही त्यांच्याकडे राहून घरातलं सगळं करते, फार गोड मुलगी आहे, भात छान करते.

बस. एवढंच. तिनं काही वाईट नाही बोललं. तिला कुणी पढवलंच नव्हतं. तुम्ही मला पढवलंत, राधिकावहिनींना, शंतनूला, ताईंना पढवलंत, आणि तुमच्या विहिणीला विसरलात. तिला तुम्ही बारशालापण मागच्या खुर्चीवर बसवलं होतं.

मी कोणाला काही विकलं नाही. माझ्याकडे माणसं आली होती, दुकानात, माइक घेऊन. सरलामावशींनी त्यांना झाडूनं बाहेर काढलं. मी तोंड उघडलं नाही. ताईंबद्दल माझ्या मनात काही नाही. त्या मला कधी वाकडं बोलल्या नाहीत. पण सरळपण कधी विचारलं नाही, वैजू, तुझं काय, असं. बाळंतीण असताना त्या रात्री रडायच्या तेव्हा मी त्यांचं डोकं मांडीवर घेऊन बसायची. टीव्हीवर परवा म्हणाल्या, "माझ्या आईनं हे सगळं बघितलं, मला कल्पना नव्हती."

म्हणजे त्यांनीपण तुमचं नाव पुढं केलं, काकू.

आता माझं शेवटचं ऐका. माझं पहिलं पत्र तुमच्याकडे असेल. काढून वाचा. मी काय मागितलं होतं? पासपोर्ट. मी लिहिलं होतं, गुपचूप जाते, मी होते हे कोणाला कळायचंपण नाही. तेव्हा पाठवला असता तर फिल्म लागायच्या आधी मी माझ्या घरी पोचले असते. पत्रकार शोधत बसले असते, फोटोतली बाई कोण, आणि ती बाई गावात गोठ्यात असती. कोणाच्या हाताला लागले नसते मी. तुमची ताई आज उभी असती.

मी विकलं नाही. तुम्ही धरून ठेवलंत.

पासपोर्ट आता नको. मी इथल्या आपल्या वकिलातीत गेले. बाहेर अर्धा तास उभी होते. मग आत गेले आणि सांगितलं, पासपोर्ट नाही, घरी जायचंय. तिथल्या बाईंनी हरवल्याची नोंद करून घेतली आणि एकदा जाण्यापुरता कागद दिला. त्यांनी विचारलं, इथे काय करत होतीस? मी म्हटलं, घरकाम. काकू, एवढं सोपं होतं ते म्हणायला.

वैजयंता

*

ॲन आर्बर
३ नोव्हेंबर

वैजयंता,

पासपोर्ट सोबत पाठवला आहे. माझ्या घरात नको तो. देवघरात तर नकोच.

फोन फिरवला नाही. तुझ्यावर उपकार म्हणून नाही. आता पुन्हा कुठलीही बातमी नको म्हणून.

ताई आर्यला घेऊन मार्कच्या आईकडे गेली आहे. माझा फोन उचलत नाही. जाताना दारात आर्यनं विचारलं, "व्हेन इज आत्या कमिंग?" मी सांगितलं, तुला आत्या नाही. जे खरं ते खरं.

राधिका म्हणते, शंतनूनं घेतलेल्या व्हिडिओत लिली मांडीवर झोपलेली आली आहे. मोठी दिसते म्हणे. एक फोटो पाठवायचा असेल तर पाठव. नसेल तर नको.

तेल घालायला सांगितलं ते चांगल्याच मनानं सांगितलं होतं.

शुभा

*

शिकागो, ओहेअर एअरपोर्ट
७ नोव्हेंबर

काकू,

पासपोर्ट मिळाला. आता तो चालत नाही. हरवल्याची नोंद झाली की बाद होतो. सरलामावशी म्हणाल्या टाकून दे, पण ठेवलाय. त्यातल्या फोटोत मी हसतेय.

आज इथे मतदान आहे. एअरपोर्टवरसुद्धा लोक शर्टाला गोल स्टिकर लावून फिरतायत. समोर टीव्ही चालू आहे. मावशी सांगत होत्या, कितीतरी ठिकाणी मतपत्रिका आधीच छापून झाल्या होत्या, त्यावर अजून त्या पहिल्या आजारी साहेबांचंच नाव आहे. म्हणजे तुमच्या ताईंचं नाव कागदावर आलंच नाही. आलं आणि गेलं, सगळं तोंडातोंडीच.

भीती वाटतेय. खोटं कशाला बोलू. आत जाताना कागद बघतील, तेव्हा काय विचारतील कोण जाणे. पण मावशी म्हणतात, जाणाऱ्याला सहसा कोणी धरत नाही. धरलं तर धरलं. पोर माझ्या अंगाला बांधलेली आहे, ओढणीनं, दोन गाठी मारून.

आर्यला तुम्ही चुकीचं सांगितलंत. मला मार्कदादांची बहीण तुम्ही केलंत, एका दिवसासाठी असेल, पण नाव मी सांगितलं त्याच्या कानात. निवडणुकीत नाव देतात आणि मागे घेतात. कानात सांगितलेलं नाव कोणाला मागे घेता येत नाही. तो मोठा होईल, तुमच्या ताईंसारखा कुठं उभा राहील, तर त्या नावानंच राहील. त्याची आत्या आहे. ती घरी चाललीय.

आत्ता अर्ध्या तासापूर्वी लिलीचं बारसं केलं. पाळणा नव्हता, स्ट्रोलर हलवला. मावशींनी दुकानातून पेढे आणि डब्यात घुगऱ्या आणल्या होत्या. गावी माझी नणंद संध्या जागी राहिली होती, मोरेश्वर तिच्या शेजारी. मी फोन लिलीच्या बऱ्या कानाला लावला. संध्यानं तिकडून कुर्रर्र केलं, लिली दचकली आणि मग हसली. तिकडे मोरेश्वरनं बहिणीच्या पाठीत धपाटा घातला तो मला इकडे ऐकू आला. नाव संध्या एवढ्या हळू बोलली की मलाच कळलं नाही, परत विचारून घ्यावं लागलं.

पासपोर्टवर लिलीच राहील. तिचा फोटो पाठवत नाही. तुमच्या भिंतीवर लागलेल्या फोटोचं काय होतं ते मी बघितलंय.

आणि नाव काय ठेवलं, ते तुम्हाला लिहीत नाही.

वैजयंता